आठ महिन्यांची वाट, बारा महिन्यांचा कारखाना

१/ कारखान्याचे यंत्र बारा महिने फिरते. त्याला लागणारा कच्चा माल ज्या वाटेने येतो, ती वाट मात्र गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यात वर्षातून जेमतेम आठ महिने चालू असे. उरलेल्या चार महिन्यांचे ओझे कोणी वाहिले, या प्रश्नाभोवती मुलचेऱ्याच्या परिसराचा दीडशे वर्षांचा इतिहास फिरतो. कापूस, सागवान, बांबू, तेंदूपाने आणि लोहखनिज या पाच मालांच्या प्रवासातून तो उलगडतो. #धागा

२/ प्रथम भूगोल. मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी एक. वायव्येस चामोर्शी, पूर्वेस एटापल्ली, दक्षिणेस अहेरी. मधून वाहणारी दिना नदी पुढे प्राणहितेला मिळते. पश्चिमेस चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात व तेथूनच प्राणहिता सुरू होते. जिल्ह्याच्या वाट्याला अनेक दशके रेल्वेचे एकच स्थानक आले, तेही उत्तर टोकाला, देसाईगंज म्हणजे वडसा येथे. दक्षिणेकडच्या मालाला नदी किंवा रस्ता, एवढेच दोन पर्याय होते.

३/ पहिला पर्याय नदीचा. गोदावरीवर धवलेश्वरम येथे बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे जलमार्गांचे कट्टर पुरस्कर्ते होते. १८५२ मध्ये तो बंधारा पूर्ण झाला आणि त्रिभुज प्रदेशात कालव्यांचे जाळे पसरले. तीच कल्पना वरच्या अंगाला नेण्याचे ठरले. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या योजनेला एकाएकी मोठे महत्त्व आले.

४/ नदीत तीन मोठे खडकाळ अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमचा, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ एन्चमपल्लीचा आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा. हे देवलमरी आजच्या अहेरी तालुक्यात, म्हणजे मुलचेऱ्याच्या शेजारीच आहे. बंधारे, दरवाजे आणि वळसा घालणारे कालवे बांधून नौका पार न्यायच्या, असा बेत होता. १८६० मध्ये निजामाकडून मिळालेल्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा करण्यात आला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे झाले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी या कामाला मोठे पाठबळ दिले.

५/ योजनेचा दोष खडकांपेक्षा खोल होता. तो पंचांगात होता. प्राणहितेत नौका चालण्याजोगे पाणी असते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे दिवस. कापूस वेचून, सरकी काढून, गाठी बांधून बाजारात येतो तो हिवाळ्यात, जेव्हा पाणी उतरू लागलेले असते. वाट खुली तेव्हा माल नाही, आणि माल तयार तेव्हा वाट बंद. गाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत नदीकाठी थांबवायच्या, तर व्यापाऱ्याचे भांडवल तितके महिने अडकून पडणार.

६/ दरम्यान १८६७ मध्ये ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ नागपूरला पोहोचली. गाडीला पाण्याची पातळी विचारावी लागत नव्हती. कापसाने मुंबईची दिशा धरली. १८७१ मध्ये नदीमार्गाचे काम थांबवण्यात आले, आणि १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंच्याचा भाग चांद्याला जोडला गेला. सर्वांत जवळचा मार्ग आणि सर्वांत भरवशाचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या खोऱ्याने तेव्हाच दिला होता.

७/ दुसरा माल सागवान. अहेरी जमीनदारीचा मुलूख आणि आलापल्लीचे अरण्य सागासाठी पूर्वापार प्रसिद्ध. लाकडाची वाहतूक कोरड्या ऋतूत होई. तोडलेला ओंडका हत्ती किंवा बैल यांच्या साहाय्याने बंडीवाटेपर्यंत ओढत आणायचा, तेथून पुढे बैलबंडीने न्यायचा. अहेरी तालुक्यातील कमलापूरचा शासकीय हत्ती कॅम्प ही त्याच कामाची आठवण आहे. आज तेथे पर्यटक जातात. एके काळी तेथील हत्ती लाकडे वाहत असत.

८/ सागवानाला एक मोठी सवलत होती. ते थांबू शकते. ओंडका एक पावसाळा आगारात पडून राहिला, तरी त्याचे मोल फारसे घटत नाही. त्यामुळे वाट बंद पडली, तरी धंदा बुडत नसे. वाहतुकीच्या इतिहासात अंतराइतकाच मालाचा स्वभाव महत्त्वाचा असतो. माल किती दिवस थांबू शकतो, यावर मार्ग किती बेभरवशाचा चालेल ते ठरते. पुढच्या मालाला ही सवलत मिळाली नाही.

९/ १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ हा दुवा पूर्ण होऊन दिल्ली आणि मद्रास थेट जोडले गेले. एका कोपऱ्यातले बल्लारशाह देशाच्या मुख्य लोहमार्गावर आले. शेजारी वर्धा नदीचे पाणी, खाली दगडी कोळसा, पूर्वेला बांबूचे अरण्य. १९४५ मध्ये करमचंद थापर यांच्या उद्योगसमूहाने येथे बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉबोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन केली. पाणी, कोळसा आणि रेल्वे दाराशी होती. बांबू मात्र दूर होता. आलापल्ली-मुलचेऱ्याकडचे रान सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि मधे वैनगंगा.

१०/ बांबूचे स्वतःचे वेळापत्रक असते. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. त्या काळात बेटात शिरून तोड केली, तर पुढच्या वर्षांचे पीक मोडते. म्हणून वनखात्याच्या कार्ययोजनेत पावसाळ्यात तोडबंदी असते आणि एका कूपात तीन-चार वर्षांनी एकदाच तोड होते. पावसाळा संपला, तरी मजूर लगेच मिळत नाहीत, कारण तेव्हा धानाची कापणी चालू असते. ती उरकल्यावर कुऱ्हाड रानात जाते. आठ महिन्यांतलेही काही आठवडे असे निसटतात.

११/ हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्या कारखान्याला रोज २०० टन बांबू लागतो. वर्षाचे झाले ७३,००० टन. वाट २४० दिवसच चालू असेल, तर त्या दिवसांत रोज सरासरी ३०४ टन आला पाहिजे. दहा टनांचा ट्रक धरला, तर रोज वीसऐवजी तीस फेऱ्या. आणि मृगाचा पाऊस पडेल त्या दिवशी कारखान्याच्या आवारात १२५ दिवसांचा, म्हणजे २५,००० टनांचा साठा उभा हवा. उदाहरण कल्पित आहे. कोंडी खरी आहे.

१२/ हा साठा फुकट नसतो. बांबू सागासारखा थांबत नाही. त्याला भुंगा लागतो, ओलाव्याने तो कुजतो, उन्हाळ्यात आगीची धास्ती असते. शिवाय तो पोकळ. ट्रक वजनाने भरण्याआधी आकारमानानेच भरतो. म्हणून कागदासाठीच्या बांबूचे रानातच आखूड तुकडे करून बंडल बांधतात. एक टन कागदाला साधारण अडीच टन बांबू लागतो. म्हणजे कागदाच्या प्रत्येक टनामागे अडीच टन बांबूचा प्रवास, आणि त्यातला बराचसा मातीच्या रस्त्यावरचा.

१३/ रानातले रस्ते हंगामी होते. पावसाळ्यात वाहून जायचे, दिवाळीनंतर मुरूम टाकून पुन्हा उभे करायचे. नाल्यांवर पुलाऐवजी रपटे. पाणी ओसरले की रपट्यावरून गाडी जाते, चढले की दोन्ही तीरांवर रांग लागते. यावर जुनी तोड होती ती टप्प्यांची. कूपापासून आगारापर्यंत बैलबंडी, पुढे ट्रॅक्टर आणि मग पिकअप. आगारापासून कारखान्यापर्यंत ट्रक. बेभरवशाचा तुकडा लहान वाहनाला, भरवशाचा तुकडा मोठ्या वाहनाला. रान आणि सडक यांच्यामधले आगार हा त्या व्यवस्थेचा कणा होता.

१४/ याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न गणिताने सोडवण्याचा प्रयत्न सुरू होता. १९५९ मध्ये जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी पेट्रोल पोहोचवणाऱ्या ट्रकांचे मार्ग कमीत कमी अंतरात कसे आखावेत, यावर निबंध प्रसिद्ध केला. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी सोपी रीत सुचवली. दोन ठिकाणांना वेगवेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी एकाच फेरीत जोडले, तर अंतर किती वाचते, ते मोजावे आणि सर्वाधिक बचतीपासून जोडत जावे. आजच्या मालवाहतुकीची अनेक संगणकीय साधने याच घराण्यातली.

१५/ त्या मूळ गणितात एक गृहीत दडलेले होते. दोन ठिकाणांमधले अंतर ठाऊक आहे आणि ते उद्याही तेवढेच राहील. दिना नदीच्या खोऱ्यात हेच गृहीत टिकत नाही. येथे प्रश्न अंतराचा कमी आणि वाट शिल्लक राहण्याचा अधिक. अशा वेळी शहाणा क्रम वेगळा होतो. ज्या कूपापर्यंत जाताना सर्वाधिक नाले ओलांडावे लागतात, ते आधी रिकामे करायचे, मग ते जवळ असो वा दूर. सडकेलगतचे आगार शेवटच्या दिवसांसाठी राखायचे. जवळचा माल आधी उचलला, तर आजचे डिझेल वाचते आणि दूरचा माल पावसात अडकतो.

१६/ मार्ग ठरवण्याचा अधिकार मात्र केवळ वाहतूकदाराकडे नव्हता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ नुसार वनोपज कोणत्या मार्गांनीच न्यायची, हे शासन नियमांनी ठरवू शकते. त्यातून वाहतूक परवाना आणि वननाके आले. परवान्यावर माल, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. नाल्याला पूर आला म्हणून चालकाने दुसरी वाट धरली, तर तोच माल बेकायदा ठरू शकतो. पाणी केव्हा चढेल, हे परवाना लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. दंड भरायची वेळ मात्र चालकावर येते.

१७/ म्हणूनच बांबूच्या मालकीचा मोठा लढा अखेर एका परवाना-पुस्तकावर येऊन ठेपला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला. जो बांबू गावाबाहेर नेता येत नाही, त्याची मालकी कागदावरचीच. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला परवाना-पुस्तक मिळाले, आणि देवाजी तोफा यांच्या गावाने देशासमोर उदाहरण घालून दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी ही वाट इतर गावांनाही खुली केली.

१८/ तेंदूपानांचा स्वभाव बांबूहूनही उतावीळ. एप्रिल-मे मध्ये पाने तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, फळीवर नेऊन द्यायचा. तेथे पुडे उन्हात वाळवून पोत्यांत भरतात. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. वळवाचा एक पाऊस वाळत घातलेल्या पुड्यांची प्रत उतरवतो, म्हणून गावोगावच्या फळ्यांवरून गोदामापर्यंत माल थोड्याच दिवसांत हलवावा लागतो. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार शासनाच्या नियंत्रणात आणला. अलीकडच्या काळात अनेक ग्रामसभा तो स्वतः चालवू लागल्या. पाऊस मात्र कोणत्याच नियंत्रणात आला नाही.

१९/ १९८० पासून या रानात आणखी एक अनिश्चितता शिरली. आंध्रातून आलेल्या नक्षलवादी दलांनी सुरुवातीला तेंदू आणि बांबूच्या मजुरीचे दर हाती घेतले. पुढे बंद, सप्ताह, रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे आणि भूसुरुंग आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा रस्ता बांधणे हे एकाच वेळी विकासाचे आणि सुरक्षेचे काम होऊन बसले होते. बंदच्या दिवशी गाडी काढायची की नाही, हा निर्णय मालकाच्या नफ्याचा असे आणि चालकाच्या जिवाचा.

२०/ त्याची किंमत दोन तारखांवरून कळते. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिज वाहून नेणारी पाऊणशेच्या आसपास वाहने जाळण्यात आली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात आधी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली गेली. त्यानंतर तिकडे निघालेले पोलीस खासगी वाहनातून जात असताना जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक ठार झाले. मार्ग आखण्याच्या कोणत्याही सूत्रात या शक्यतेला रकाना नसतो.

२१/ २०२१ पासून सुरजागडचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि पाचव्या मालाने वाट व्यापली. लोहखनिज कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, पण ते अतिशय जड असते. आलापल्ली-आष्टी मार्गावर अवजड ट्रकांची रांग लागली. रस्ता खचला, धूळ आणि चिखल आलटून पालटून आले, अपघात झाले, आंदोलने झाली. ज्या सडकेवरून ही वाहने जात, तीच परिसरातील रुग्णांची, विद्यार्थ्यांची आणि एसटीचीही सडक होती.

२२/ त्यावर निघालेला उपाय नदीमार्गाच्या कल्पनेची आठवण करून देतो. खनिज दळून, पाण्यात कालवून नळाने वाहायचे. हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या प्रकल्पापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरच्या या वाहिनीचे उद्घाटन जुलै २०२५ मध्ये झाले. पूर, रपटा, नाका, वाहतूक कोंडी यांपैकी काहीही तिच्या आड येत नाही. कारखान्यापुरती अनिश्चितता संपली. तिच्यासाठी लागणारे पाणी, जंगलातून गेलेला तिचा पट्टा आणि ट्रकांवर पोट असलेले लोक, हे प्रश्न वेगळ्या रूपात शिल्लक राहिले.

२३/ ज्यांच्याकडे वाहिनी नाही, त्यांची वाट मात्र जुनीच आहे. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित चामोर्शी-मुलचेरा भागात वसवले गेले. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावनावे तो इतिहास सांगतात. येथील भात आणि भाजीपाला पिकअपने बाजाराला जातो. भाजी एक दिवसही थांबत नाही. दिना नदीला पूर आला की, गाडी भरलेली असूनही गावातच उभी राहते. कारखान्याने १२५ दिवसांचा साठा करून जे संकट टाळले, ते वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्याला टाळता येत नाही.

२४/ पुराचेही एक नवे वळण आहे. गावावर ऊन असताना पूल बंद पडू शकतो. भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेचे पाणी वाट चालत गडचिरोलीच्या पुलांपर्यंत येते. म्हणून पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे आकडे आणि जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेली बंद मार्गांची यादी पाहूनच वाहन काढावे लागते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे तर दरवर्षीचे. जुन्या मुकादमाचा अंदाज आता फोनवर आला आहे; रपट्यावरचे पाणी तेच आहे.

२५/ दीडशे वर्षांचा हिशेब असा. अनिश्चितता नाहीशी झाली नाही, ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. नदीमार्गात तिने सरकारी तिजोरी रिती केली. बांबूच्या काळात तिचा भार साठ्याच्या रूपाने कारखान्याने घेतला आणि रिकाम्या चार महिन्यांच्या रूपाने मजुराने. परवान्याने ती चालकावर टाकली, लोहखनिजाने सडकेलगतच्या गावांवर. दिना, वैनगंगा आणि पर्लकोटा यांवर कोणता पूल आधी उंच करायचा, हे ठरवताना त्यावरून किती टन माल जातो, याची मोजणी नेहमीच झाली. चार महिने त्यावाचून कोण अडकते, याची मोजणीही तितक्याच नेमाने झाली, तर वाटेचा हा इतिहास पुढे वेगळा लिहिला जाईल.

(समाप्त)